चौथा गिअर

वाळूजच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत अभयचं गॅरेज होतं. पाटीवर नुसतं ‘अभय इंजिन वर्क्स’ लिहिलेलं, पण जालन्यापासून नगरपर्यंतची गाडीवेडी पोरं त्याला ‘टर्बोवाला’ म्हणूनच ओळखायची. कुणाच्या मामानं वापरून टाकलेली लान्सर, कुणाची रंग उडालेली सिव्हिक, अशा जुन्या जपानी गाड्या त्याच्याकडं ढकलत यायच्या आणि काही महिन्यांनी गल्लीतली कुत्री उधळवत बाहेर पडायच्या.

सोपं करून सांगायचं तर त्याचं काम असं. इंजिनातून जो जळका वायू वाया जातो, त्याच्या जोरावर एक छोटं चाक गरगर फिरवायचं आणि त्या चाकाकडून इंजिनात जास्तीची हवा कोंबून घ्यायची. हाच टर्बो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. हवा ज्या दाबानं कोंबायची त्याला म्हणायचं बूस्ट. बूस्ट वाढवायला काही लागत नाही, लॅपटॉपवर आकडा बदलला की झालं. पण तो दाब सोसणारं इंजिन बांधणं ही खरी कारागिरी, आणि तिच्यात अभयचा हात धरणारा मराठवाड्यात कुणी नव्हता. पिस्टन, रॉड, बेअरिंग, एकेक तुकडा तो स्वतः मोजायचा, पुसायचा, तेलाचं बोट फिरवून बसवायचा. इंजिन बांधायला बसला की कुणाशी बोलायचा नाही.

अशा माणसाकडं करमाडच्या तात्यासाहेबांची पोरगी प्रेरणा आली. तात्यासाहेब म्हणजे पंचक्रोशीत वजन असलेला माणूस. शेंद्र्याच्या बाजूला जमीन, दारात चार गाड्या. प्रेरणा शेंद्र्याच्याच एका कंपनीत इंजिनिअर होती, आणि लहानपणापासून ट्रॅक्टर, पिकअप, चाकावर जे काही असेल ते चालवत आलेली. चुलत्याची जुनी लान्सर तिनं मागून घेतली होती आणि तिला ती सरळ रेषेच्या शर्यतीत पळवायची होती.

“दादा, मला दिखाऊ गाडी नकोय,” पहिल्याच दिवशी ती म्हणाली. “पळणारी पाहिजे.”

अभयनं तिला रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारायला लावली आणि स्वतः शेजारी बसला. पोरगी गिअर असा टाकायची की शेजारी बसलेल्याची मानसुद्धा हलायची नाही. त्याच दिवशी त्यानं ठरवलं, आपलं आजवरचं सगळ्यात चांगलं इंजिन हिच्या गाडीत बसवायचं.

गाडी बनत असताना तो अनेकदा करमाडला गेला. तात्यासाहेब त्याला ओट्यावर खुर्ची द्यायचे, घरातल्याच कपात चहा यायचा, “मिस्तरी, पोरगी तुमच्या भरवशावर हाय,” म्हणायचे. अभयच्या वडिलांना, कडुबाला, याचं फार अप्रूप. कडुबा मूळचा त्याच भागातला. तरुणपणी वाळूजला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. तो बौद्धवाड्यातल्या दोस्तांना सांगायचा, “माझा बाप त्या ओट्याच्या खाली उभा राहून बोलायचा. माझं पोरगं वर खुर्चीवर बसतंय.”

शर्यत उन्हाळ्याच्या तोंडावर होती, खानदेशातल्या एका खासगी धावपट्टीवर. सकाळच्या पहिल्या फेरीत प्रेरणाची लान्सर थोडक्यात मागं राहिली. पुढं गेलेली गाडी पुण्याच्या सोमनाथनं बनवलेली. हा सोमनाथ मोठा नावाजलेला. त्याच्याकडं ताकद मोजायचं मशीनसुद्धा होतं. फेरी झाल्यावर तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, “काय वाळूजवाले, इंजिन ट्रॅक्टरचं बसवलंय का?”

लोक हसले. अभयही हसला. पण ते वाक्य त्याच्या कानात गोचिडासारखं रुतून बसलं.

प्रेरणा सावलीत पाणी पीत बसली होती. अभयनं गाडीचं दार उघडलं, लॅपटॉप जोडला आणि बूस्ट वाढवला. थोडाथोडका नाही. शर्यतीसाठी आणलेलं खास पेट्रोल संपत आलं होतं, टाकीत साधं मिसळलेलं होतं, एवढ्या दाबाला असलं पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि पिस्टन खातं, हे त्याच्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. एकच तर फेरी आहे, काढेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

प्रेरणा हेल्मेट घेऊन आली. “काय बदललं, दादा?”

“काही नाही. नुसतं बघत होतो.”

पुन्हा सोमनाथच्याच गाडीशी जोड. दिवा हिरवा झाला. लान्सर सुटली ती अशी, की अभयच्या अंगावर काटा आला. दुसरा, तिसरा, सोमनाथची गाडी मागं पडली, आणि प्रेरणानं चौथा टाकला त्याच क्षणी धाडकन आवाज झाला. बॉनेटखालून पांढरा लोट उठला. फुटलेल्या इंजिनातलं तेल पुढच्या चाकांखाली आलं, गाडी आडवी झाली, घसरत गेली आणि कडेच्या टायरांच्या भिंतीत घुसली.

अभय पळत पोचला तेव्हा तिला बाहेर काढलं होतं. डावं मनगट विचित्र वाकलेलं, खांदा उतरलेला. भोवती गर्दी, मोबाईल वर. कुणीतरी त्याचा दंड धरून विचारलं, “काय झालं ओ? कशानं फुटलं?”

आणि अभय बोलून गेला, “गिअर चुकला असंल. चौथ्याच्या जागी दुसरा पडला असंल.”

बस्. एवढंच. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. “व्हय, पोरीचा हात, घाबरली असंल,” कुणी म्हणालं, आणि ते वाक्य धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. आपलं खोटं इतक्या सहज खपलं हे अभयला पुढं सगळ्यात जास्त लागलं. तिच्या जागी पोरगा असता तर कुणीतरी नक्कीच विचारलं असतं, इंजिन कुणी बांधलं होतं?

ॲम्ब्युलन्समध्ये प्रेरणानं त्याच्याकडं मान वळवली. “दादा, माझ्याकडून चुकला का हो गिअर? मला तर नीट पडल्यासारखा वाटला.”

“होतं असं,” अभय म्हणाला. “तू बोलू नको. आराम कर.”

गाडी वाळूजला आल्यावर त्यानं गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि इंजिन उतरवलं. चुकून खालचा गिअर पडला असता तर इंजिन प्रमाणाबाहेर फिरून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते, पिस्टनच्या माथ्यावर त्यांचे वळ उमटले असते. तिथं एकही वळ नव्हता. उलट पिस्टनची कड किडक्या दाढेसारखी कुरतडलेली होती, ॲल्युमिनियम वितळून ओघळलेलं होतं. दाबानं आणि उष्णतेनं आधी पिस्टन गेला, मग त्याला जोडलेला रॉड मोडून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला. अजून काही शंका असलीच तर आता तीही राहिली नाही. चारही पिस्टन त्यानं पोत्यात बांधून रॅकच्या खालच्या खणात ढकलले आणि रिकामी गाडी करमाडला परत धाडली.

शर्यतीचा व्हिडिओ मात्र घरोघर पोचला. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर त्याला कुणीतरी हसरं संगीत जोडलं, खाली लिहिलं, ‘ताई, चौथा वर असतो का खाली?’ अभयनं तो पाहिला आणि मोबाईल उलटा ठेवला. तेव्हा दोन ओळी लिहिता आल्या असत्या. त्यानं लिहिल्या नाहीत. उद्या लिहू म्हणाला, मग म्हणाला आता विषय थंड होतोय, उगाच कशाला उकरायचा. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला कारणं कमी पडत नाहीत.

घरी कडुबा सकाळी बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून पंचशील म्हणायचा. नातीला मांडीवर घ्यायचा, अभयलाही हाक मारायचा. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की अभयचा आवाज खाली जायचा. पुढं पुढं तो अंघोळीला उशीर लावायला लागला.

पावसाळा निम्मा झाला असताना जालन्याचा माऊली गॅरेजला आला. नाव माऊली, पण गळ्यात जाड साखळी आणि गाडीला असा आवाज की शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यानं वेल्डिंग थांबवून पाहिलं. प्रेरणाकडून तो मागं एकदा, सरावाच्या वेळी, हरलेला होता.

“ती लान्सर घेऊ राह्यलो मी,” तो म्हणाला. “तात्यासाहेबांशी बोलणं झालं. त्यांना ती डोळ्यासमोर नकोय. तुम्ही फक्त इंजिन पुन्हा बांधा. डिट्टो तेच. तेवढाच बूस्ट.”

“तेवढा नाय देता येणार.”

“कामून? गाडी तर सोमनाथच्या पुढं गेली होती ना, सगळ्यांनी पाह्यलं. इंजिनात काही खोट नव्हती, तुम्हीच बोलले. गिअर तिनं चुकवला.” माऊली हसला. “माझ्या हातून नाय चुकायचा.”

अभय हातातल्या पान्याकडं बघत राहिला. हा पोरगा त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून त्याच मरणात बसायला तयार होता. “दोन दिवसांनी सांगतो,” एवढंच त्याला बोलता आलं.

संध्याकाळी त्यानं विशाखाला, बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. शेवटी तो म्हणाला, “माझं चुकलं गं. लई चुकलं.”

विशाखानं तवा खाली उतरवला. “मला कशाला सांगताय? मी काय त्या गाडीत बसले होते?”

दुसऱ्या दिवशी त्यानं रॅकखालचं पोतं काढलं, मोटरसायकलला बांधलं आणि शहर ओलांडून जालना रोडनं करमाडला गेला. तात्यासाहेब घरी नव्हते, शेताकडं गेले होते. घरातल्या बाईनं मागच्या पत्र्याच्या शेडकडं बोट केलं. “तिथंच असते ती. बोलत नाय कुणाशी.”

लान्सर शेडमध्ये उभी होती, बॉनेट उघडं, आत इंजिनाच्या जागी पोकळी. प्रेरणा चालकाच्या सीटवर बसली होती. डाव्या मनगटाला पट्टा. समोर बघत ती गिअरचा दांडा ओढत होती: दुसरा, तिसरा, चौथा. थांबायची, हात मांडीवर ठेवायची, पुन्हा दुसरा, तिसरा, चौथा. तिसऱ्यावरून चौथ्याकडं जाताना तिचा हात किंचित अडखळत होता. पूर्वी कधी अडखळला नव्हता.

अभय दारातच थिजला. इतके दिवस त्याला व्हिडिओ आठवायचा, मोडलेलं मनगट आठवायचं. पण आपण ह्या पोरीचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच काढून घेतला, हे त्याला त्या शेडमध्ये दिसलं.

तिनं पाहिलं. “या ना दादा. बघा, आता बरोबर पडतोय का? कंपनीत पण मी बसनं जाते. पिकअप काढली की तिसऱ्यातच ठेवते, चौथा टाकायची भीती वाटते. तुम्ही एकदा शेजारी बसून सांगा ना, माझं नेमकं कुठं चुकतंय.”

“तुझं चुकलं नव्हतं,” अभय म्हणाला.

“म्हणजे?”

त्यानं पोतं सोडलं आणि पिस्टन गाडीच्या टपावर ठेवले. सगळं सांगितलं. सोमनाथचं वाक्य, लॅपटॉप, संपत आलेलं पेट्रोल, मग गर्दीत तोंडातून निघालेलं ते एक वाक्य. पिस्टनचा माथा दाखवला. “गिअर चुकला असता तर इथं व्हॉल्व्हचे वळ असते. बघ. नाहीत.”

प्रेरणा खाली उतरली आणि तिनं पिस्टन हातात घेतला. माथ्यावरून अंगठा फिरवला, मग कुरतडलेल्या कडेवरून. इंजिनिअर होती, तिला आणखी समजवायची गरज नव्हती.

“म्हणजे चौथा नीट पडला होता?”

“नीट पडला होता.”

ती हसली. एवढुसं, श्वास सुटल्यासारखं. आणि मग तिचा चेहरा पालटला.

“मी विचारलं होतं तुम्हाला. गाडीत बसायच्या आधी विचारलं, काय बदललं म्हणून. ॲम्ब्युलन्समध्ये विचारलं. दोनदा विचारलं, दादा.”

अभय रिकामं पोतं गुंडाळत राहिला.

“सांगितलं असतं ना, बूस्ट वाढवलाय, धोका आहे, तर मी तरीही गेले असते. कदाचित गेलेच असते. पण ते मी ठरवलं असतं.” तिनं पिस्टन जोरानं टपावर आपटला. पत्रा चेपला. “तात्यांना सांगा. आत्ता. आणि ज्या ज्या लोकांना सांगितलंत ना, त्या सगळ्यांना सांगा.”

तात्यासाहेब शेतावरून येईपर्यंत अभय ओट्याजवळ थांबला. ते आले, नेहमीसारखं म्हणाले, “बसा मिस्तरी, चहा सांगतो.” अभय बसला नाही. ओट्याच्या खाली उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं.

तात्यासाहेब शिव्या देतील, हात उगारतील, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते खांबाला टेकून खाली बसले.

“तुमच्या शब्दावर,” ते हळू म्हणाले, “मी माझ्या पोरीला नाय नाय ते बोललो. हातपाय मोडून घेतले, घराण्याचं हसं केलं, म्हणालो. दवाखान्यात असताना म्हणालो.” त्यांनी दाराशी पदराआड उभ्या बायकोकडं पाहिलं नाही, शेडकडंही पाहिलं नाही. “आता ते शब्द मी कसे परत घेऊ, सांगा.”

मग हातानंच जा म्हणाले.

परत येऊन अभयनं गॅरेजच्या बाकावर मोबाईल टेकवून ठेवला, येताना उचलून आणलेला एक पिस्टन हातात धरला आणि ज्या ग्रुपवर तो हसरा व्हिडिओ फिरत होता तिथंच आपलं बोलणं टाकलं. गिअर चुकला नव्हता. बूस्ट मी वाढवला, तिला न विचारता. खोटं मी बोललो. थोडक्यात सांगितलं, रडला नाही. मग माऊलीला फोन करून सांगितलं की ते इंजिन तसं बांधणार नाही, कुणालाच बांधून देणार नाही.

लोक बोलायचं ते बोलले. काहींनी पाठ थोपटली. ते त्याला जास्त झोंबलं. बऱ्याच जणांनी आपल्या गाड्या उचलून नेल्या. माऊली पुन्हा फिरकला नाही.

कडुबाला हे शेजाऱ्याकडून कळलं. रात्री जेवून हात धुताना त्यानं विचारलं, “तात्यासाहेबाला सांगितलं ते बसून का उभ्यानं?”

“उभ्यानं. खाली उभा राहून.”

म्हातारा चिडला. अभयनं त्याला इतकं चिडलेलं क्वचितच पाहिलं होतं. “कामून? खुर्ची दिली होती ना त्यांनी? बसून सांगायचं होतं. चूक तू केली, तू एकट्यानं केली. त्यात माझ्या बापाला कशाला पुन्हा तिथं उभं केलं?”

अभयला वाटलं होतं आपण नम्र होतोय. एका चुकीची भरपाई करायला जाऊन आपण आजोबांचा जुना अपमान पुन्हा ताजा करून आलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

पुढं महिनाभरानं बातमी आली, लान्सर विकली नाही. तात्यासाहेब स्वतः टेम्पोत बसून तिला पुण्याला सोमनाथकडं घेऊन गेले होते. शब्द परत घेता येत नाहीत म्हणून बहुतेक. सोमनाथनं एकदा फोन केला, जुन्या इंजिनाची मापं विचारली. अभयनं सगळी दिली, कुठं कच्चं राहिलं होतं तेसुद्धा सांगितलं.

थंडीत त्याच धावपट्टीवर पुन्हा शर्यत भरली. अभय एका सिव्हिकवाल्यासोबत गेला होता. लान्सर नव्या रंगात आली. प्रेरणाची फेरी लागली तेव्हा तो दोरीच्या मागं गर्दीत उभा राहिला. दुसरा, तिसरा, चौथा. चौथा अगदी पाण्यातून सुरी फिरावी तसा पडला. ती जिंकली नाही, एका गाडीच्या अंतरानं मागं राहिली, पण हेल्मेट काढताना तिचा चेहरा उजळलेला होता.

सोमनाथ चहाचे दोन कप घेऊन अभयशेजारी येऊन उभा राहिला.

“पोरगी भारी आहे रे,” तो म्हणाला. “पण संशयी फार. प्रत्येक फेरीच्या आधी लॅपटॉप स्वतः जोडते, एकेक आकडा स्वतः वाचते. मी गाडीजवळ गेलो की चावी काढून खिशात घालते. अरे, मी तिचा मिस्तरी आहे का चोर?” आणि हसला.

तिकडं प्रेरणा पुढच्या फेरीसाठी गाडीत बसली होती. दार आतून लावलेलं, काचा वर, मांडीवर लॅपटॉप. बाहेरून कुणीतरी काच वाजवून काही विचारलं, तिनं मान न उचलता हातानं थांबा अशी खूण केली. तिचं बोट पडद्यावरच्या ओळीओळीवरून हळूहळू खाली सरकत होतं.

“हसत का नाहीस?” सोमनाथनं विचारलं.

अभयनं लान्सरच्या बंद काचेकडं पाहिलं. चहा नको म्हणाला आणि सिव्हिकवाला बोलवत होता तिकडं निघाला.